गावाचा संघ, देशाचा विजेता: रूख व्येल्क्ये हायदुकी, 1920 ते 1939

1921 ते 1932 या काळात पोलंडचं फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद तीनच शहरांत फिरत राहिलं: क्राकूव, ल्वूव आणि पोझनान. राजधानी वॉर्सालाही ते एकदाही मिळालं नाही. 1933 साली ते व्येल्क्ये हायदुकी नावाच्या ठिकाणी गेलं आणि 1936पर्यंत तिथून हललंच नाही. 1937ला क्राकूवच्या क्राकोव्हिया क्लबने ते नेलं, 1938ला ते पुन्हा हायदुकीत परतलं. सहा वर्षांत पाच वेळा. आणि व्येल्क्ये हायदुकीला शहराचा दर्जासुद्धा नव्हता. सरकारी कागदांवर ते गाव होतं.

या गावाच्या क्लबचं नाव रूख. आज तो रूख खोझूव या नावाने ओळखला जातो आणि पोलंडच्या सर्वांत यशस्वी क्लबांमध्ये गणला जातो. पण हा लेख दोन महायुद्धांमधल्या रूखचा आहे. एका कारखान्याच्या वस्तीतला संघ देशातल्या जुन्या, श्रीमंत, विद्यापीठांच्या शहरांतल्या संघांना इतकी वर्षं कसा पुरून उरला, आणि त्या यशाचं 1939मध्ये काय झालं, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. याचं ठरलेलं उत्तर देशभक्तीचं आहे: पोलिश सिलेसियाने आपलं पोलिशपण मैदानावर सिद्ध केलं. ते मला अर्धंच पटतं. क्लब जन्मला राष्ट्रवादातून, हे खरं. जिंकला मात्र तो राष्ट्रवादाने आखलेली रेघ रोज ओलांडून.

कारखाना आधी, गाव नंतर

मराठी वाचकाला पोलिश माणूस माहीत असतो तो बहुधा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीमुळे. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. ती माणसं होती पोलंडच्या पूर्व भागातली, सोव्हिएत सत्तेने घरंदारं हिसकावून सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकललेली. आपलं प्रकरण त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाचं, जर्मन सीमेला लागून असलेल्या वरच्या सिलेसियाचं आहे. तिथल्या माणसाच्या नशिबी आलेला पेच वेगळा होता. त्याचं घर जागेवरच राहिलं. बदलत राहिला तो देश.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा भाग जर्मन साम्राज्यात होता. जमिनीखाली कोळसा, वर पोलादाचे कारखाने. 1870च्या दशकात हायदुकीच्या शिवारात एक पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याला चान्सलर बिस्मार्कचं नाव दिलं गेलं: बिस्मार्कह्युटे. पोलिश बोलणारे लोक त्याला बिस्मार्कहुता म्हणत. 1903 साली वरचं आणि खालचं हायदुकी ही दोन गावं एकत्र केली गेली, तेव्हा नव्या गावाला कारखान्याचंच नाव मिळालं. सगळं कारखान्याभोवती फिरत होतं: लाल विटांच्या चाळी, ज्यांना तिथे फामिलोकी म्हणतात, पाळीच्या भोंग्यांवर चालणारं घर, बाप हुतात म्हणजे पोलाद कारखान्यात, थोरला खाणीत. घरात बोलायची भाषा सिलेसियन, म्हणजे पोलिश बोलीच, पण जर्मन शब्दांनी खच्चून भरलेली. शाळा जर्मन. चर्चमध्ये दोन्ही. कोण पोलिश आणि कोण जर्मन, हे विचारलं तर पुष्कळ जणांना उत्तर देता आलं नसतं, आणि 1919पर्यंत कुणी फारसं विचारलंही नव्हतं.

मग व्हर्सायच्या तहाने विचारलं. सिलेसिया कुणाकडे जावा हे सार्वमताने ठरणार होतं. 1919 आणि 1920 साली पोलिश बाजूने दोन उठाव झाले, 20 मार्च 1921 रोजी सार्वमत झालं. सुमारे 60 टक्के मतं जर्मनीला, 40 टक्के पोलंडला. मे महिन्यात तिसरा आणि सर्वांत मोठा उठाव पेटला. शेवटी प्रांताचे तुकडे झाले आणि जून 1922मध्ये पूर्वेकडचा, खाणी-कारखान्यांनी गच्च भरलेला तुकडा पोलंडला मिळाला. सीमा गावांमधून, ट्रामच्या रुळांवरून गेली. हायदुकी पोलंडमध्ये आलं आणि त्याचं बिस्मार्कह्युटे हे नाव गेलं. काही किलोमीटरवरचं बायटन, म्हणजे आजचं बिटोम, जर्मनीत राहिलं.

रूखची स्थापना 20 एप्रिल 1920ची, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या उठावाच्या मधली, सार्वमताचा प्रचार सुरू असतानाची. त्या दिवसांत पोलिश बाजूने गावोगावी क्रीडामंडळं काढली जात होती. तिथे खेळ होता, आणि त्याच्या आडून माणसं जमवणंही होतं. पहिला सामना खेळला गेला 3 मे रोजी. पोलंडमध्ये तो 1791च्या राज्यघटनेचा दिवस, त्यामुळे तारीख योगायोगाने निवडलेली नव्हती हे उघड आहे. रूख म्हणजे चळवळ किंवा हालचाल. जर्मन अधिकाऱ्याने विचारलं तर व्यायामाची हालचाल, आपल्या माणसाने विचारलं तर चळवळ.

इथवरची कहाणी देशभक्तीच्या साच्यात चोख बसते. पुढे ती बसेनाशी होते. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत रूखने गावातल्याच जर्मन फुटबॉल क्लबशी, बिस्मार्कह्युटर बालश्पील क्लबशी, जुळवून घेतलं. दोन्ही एकत्र झाले आणि काही काळ नव्या क्लबच्या नावात जर्मन क्लबची 'बीबीसी' ही आद्याक्षरंही राहिली. तीन उठावांनंतर लगेच हे झालं, हे लक्षात घ्या. पोलिश चळवळीतून निघालेल्या क्लबला जर्मन खेळाडू चालले, आणि त्या खेळाडूंना पोलिश क्लब चालला. एकाच कारखान्यात काम करणाऱ्या, एकाच चाळीत राहणाऱ्या माणसांना हे अवघड वाटलं नसावं. वॉर्सात किंवा बर्लिनमध्ये बसून ते समजणं कठीण.

दुसरा रस्ता: काटोवित्सेचं उदाहरण

रूखने जे केलं त्याच्या उलट काय होऊ शकत होतं, हे शेजारच्या काटोवित्सेत दिसलं. तिथला 1. एफसी हा जर्मन अल्पसंख्याकांचा क्लब. 1927 साली पोलंडमध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा रूखप्रमाणे तोही तिच्या संस्थापक संघांत होता. पहिल्याच हंगामात तो विजेतेपदाच्या दारात पोचला. पोलंडच्या लीगचा पहिला विजेता जर्मनांचा क्लब ठरतो की काय, या धास्तीने अख्खा देश क्राकूवच्या विस्वा क्लबच्या पाठीशी उभा राहिला. 25 सप्टेंबर 1927ला काटोवित्सेत झालेला निर्णायक सामना विस्वाने 2-0 जिंकला आणि लीगही. 1. एफसी दुसरा आला, दोन वर्षांत लीगमधून खाली घसरला आणि पुन्हा कधी वर आला नाही. ज्या क्लबने आपल्यावर एकच राष्ट्रीय शिक्का मारून घेतला त्याची वाढ तिथे खुंटली.

त्याच 1. एफसीतून रूखला त्याचा सर्वांत मोठा खेळाडू मिळाला. त्याच्याकडे वळण्याआधी पैशाचं आणि मैदानाचं बघू, कारण नुसत्या प्रतिभेवर पाच विजेतेपदं मिळत नाहीत.

हुता, नोकरी आणि हौशीपणाचं सोंग

पोलंडमधलं फुटबॉल तेव्हा कागदोपत्री हौशी होतं. खेळाडूला पगार देणं नियमाविरुद्ध. व्यवहारात प्रत्येक मोठा क्लब काही ना काही वाट काढायचा: लष्करी क्लब शिपायाला हलकी ड्यूटी देत, शहरी क्लब दुकान किंवा कचेरीत चिकटवून देत. सिलेसियात ही वाट कारखान्यातून जात होती. खेळाडूला हुतात नाहीतर खाणीत काम मिळायचं, सरावापुरती सवलत मिळायची.

ही गोष्ट सुबत्तेच्या काळात फार मोठी वाटली नसती. पण रूखची विजेतेपदं सुरू झाली ती 1933ला, महामंदी ऐन भरात असताना. सिलेसियात खाणी बंद पडत होत्या, हजारोंनी माणसं बेकार होती. बेकार खाणकामगार जंगलात, माळावर, रस्त्याच्या कडेला स्वतःच विहिरीसारखे खड्डे खणून चोरून कोळसा काढत. त्या खड्ड्यांना बिएदाशिबी म्हणत, गरिबीच्या खाणी. त्यात गाडली गेलेली माणसं थोडीथोडकी नव्हती. अशा वेळी चेंडू चांगला खेळतो म्हणून टिकणारी नोकरी हे पोरांसाठी काय असेल, हे सांगायला आकडे लागत नाहीत. क्राकूवच्या विद्यार्थी खेळाडूला फुटबॉल सुटलं तर वकिली होती. हायदुकीच्या पोराला खड्डा होता.

पैशाची ही ओढ कुठवर जायची याचाही नमुना जवळच आहे. काटोवित्सेचा दोंब हा क्लब 1936 साली प्रतिस्पर्धी संघाच्या गोलरक्षकाला लाच दिल्याच्या प्रकरणात सापडला. श्वेंतोख्वोविट्सेच्या श्लोन्स्क क्लबचा तो गोलरक्षक. पोलिश महासंघाने दोंबवर बंदी घातली आणि 1937च्या हंगामातले त्याचे सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले गेले. हौशी म्हणवणाऱ्या लीगमध्ये गोलरक्षक विकत घेतला जातो, म्हणजे विजयाला किंमत होती.

तरीही निव्वळ कारखान्याचा आधार हे कारण पुरत नाही. सिलेसियात तशा आधाराचे क्लब डझनाने होते. उलट ते डझनाने होते, यात दुसरं कारण दडलं आहे. लिपिनीचा नाप्शूद, श्वेंतोख्वोविट्सेचा श्लोन्स्क, शेजारच्या क्रूलेव्स्का हुताचा एकेएस: सगळे चालत नाहीतर ट्रामने गाठता येण्याजोगे. ल्वूवचा पोगोन संघ तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळायला रात्रभर रेल्वेने जायचा. हायदुकीचा पोरगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत रस्त्यावर, पटांगणात, प्रांताच्या खालच्या गटांत असल्या प्रतिस्पर्ध्यांचा मार खाऊन तयार झालेला असायचा. सीमेपलीकडचा बायटन 09 हा तर जर्मनीच्या आग्नेय विभागातला नावाजलेला संघ. फाळणीनंतरच्या जिनिव्हा कराराने सीमेलगतच्या लोकांना ये-जा करण्यासाठी खास कार्ड मिळत असे, त्यामुळे पलीकडचं फुटबॉल बघायला अडचण नव्हती. माझ्या मते ही दाटी हेच रूखच्या यशाचं सर्वांत घट्ट कारण आहे. पैसा आणि राजकारण त्यावर चढलेले थर आहेत.

राजकारणाचा थर मात्र पातळ नव्हता. 1926पासून सिलेसियाचा राज्यपाल होता मिखाऊ ग्राझिन्स्की, तिसऱ्या उठावातला पुढारी, प्रांताचं पोलिशीकरण हे ज्याचं उघड धोरण. पोलिश संस्थांना त्याच्या काळात आश्रय मिळाला. पोलिश लीगचा विजेता सिलेसियातून यावा, यापेक्षा चांगली जाहिरात त्याला मिळाली नसती. आणि ती मिळाली अशा संघाकडून, ज्याच्या ड्रेसिंग रूममध्ये शुद्ध पोलिश क्वचितच ऐकू येत असेल.

29 सप्टेंबर 1935 रोजी त्सिखा रस्त्यावरचं नवं स्टेडियम खुलं झालं. त्याआधी संघ कालिना नावाच्या जुन्या मैदानावर खेळायचा. त्सिखाचं स्टेडियम हजारो माणसं सामावणारं, प्रशस्त गॅलरी असलेलं, एका गावाच्या हद्दीत उभं. चार वर्षांनी तिथे ओमेगा कंपनीचं भलंमोठं घड्याळ बसवलं गेलं, आणि ते घड्याळ पुढे क्लबचं चिन्हच होऊन बसलं. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या वस्तीने एवढा खर्च फुटबॉलवर करावा का, हा प्रश्न तेव्हाही कुणाला पडला असेल. विजेतेपदं येत असली की असे प्रश्न मागे पडतात.

डावीकडचे तिघे

आता खेळाडू. त्या काळी आघाडीला पाच जण असत. रूखच्या पाचांतले मधला, डावा आतला आणि डावा विंगर असे सलग तीन माणसं वर्षानुवर्षं तीच राहिली: तेओडोर पेतेरेक, एर्नेस्ट विलिमोव्स्की, गेरार्ड वोदाश.

पेतेरेक 1910चा, श्वेंतोख्वोविट्सेचा. डोक्याने गोल करण्यात त्याचा हात धरणारा पोलंडमध्ये कुणी नव्हता. वोदाश 1913चा, हायदुकीतच जन्मलेला; डाव्या कडेने वर जाऊन पेतेरेकच्या डोक्यावर चेंडू पोचवणं हे त्याचं काम, आणि जमलं की स्वतःही गोल मारायचा. 1937-38च्या सुमारास पेतेरेकने सलग 16 लीग सामन्यांत गोल केला. हा विक्रम युरोपात इतका विस्मरणात गेला होता की 2013 साली लिओनेल मेस्सीने तो मोडला तेव्हा पत्रकारांना जुनी दप्तरं उघडून पेतेरेक कोण हे शोधावं लागलं.

विलिमोव्स्की 1916चा, काटोवित्सेतला. जन्मनाव वेगळं, जर्मन. बाप पहिल्या महायुद्धात गेला, आईने पुन्हा लग्न केलं आणि सावत्र बापाचं पोलिश आडनाव पोराला लागलं. घरात जर्मन, रस्त्यावर सिलेसियन. उजव्या पायाला सहा बोटं होती, आणि प्रतिस्पर्धी बचावपटूंनी आपल्या अपयशाचं खापर त्या सहाव्या बोटावर फोडलं असेल तर नवल नाही. 1. एफसीतून तो 1934 साली रूखमध्ये आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी 21 मे रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कविरुद्ध पोलंडकडून खेळला आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगमधले 33 गोल होते. सगळी वर्षं धरली तर पोलिश लीगमध्ये 86 सामन्यांत 112 गोल. ही सरासरी आजही विश्वास बसू नये अशी आहे.

इथे लीगचा आकारही लक्षात घ्यायला हवा. 1934ला बारा संघ होते, 1936पासून दहा. म्हणजे हंगामाला जेमतेम 18 सामने, तेही वसंतापासून शरदापर्यंत, कडाक्याचा हिवाळा वगळून. बदली खेळाडूंची सोय नाही. अशा छोट्या हंगामात रुंद संघापेक्षा एकमेकांना अंगवळणी पडलेली ठरावीक माणसं जास्त मोलाची. क्राकूव आणि ल्वूवच्या संघांकडे तुल्यबळ खेळाडू होते. 1933 आणि 1935ला पोगोन रूखच्या मागोमाग दुसरा आला. पण इतका काळ एकमेकांशेजारी टिकलेले असे तीन जण त्यांच्याकडे नव्हते.

विलिमोव्स्की सांभाळायला सोपा नव्हता. रात्री जागवणं, दारू, शिस्तीचा कंटाळा. 1936 साली महासंघाने त्याच्यावर बंदी घातली आणि बर्लिन ऑलिंपिकला पोलंड त्याच्याशिवाय गेलं. वोदाश आणि पेतेरेक गेले. ब्रिटनला 5-4 हरवताना वोदाशने तीन गोल केले, श्वेंतोख्वोविट्सेच्या हुबेर्ट गादनेही गोल केला. म्हणजे ब्रिटनविरुद्धचे बहुतेक गोल एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन गावांतून आले. कांस्यपदकाच्या सामन्यात नॉर्वेविरुद्ध वोदाश आणि पेतेरेक दोघांनी गोल केला, तरी 3-2 असा पराभव झाला आणि पोलंड चौथं आलं. विलिमोव्स्की असता तर, ही चर्चा पोलंडमध्ये अजून चालते.

तो असला की काय होतं हे दोन वर्षांनी जगाने पाहिलं. 5 जून 1938, स्ट्रासबुर्ग, पोलंडचा पहिलावहिला विश्वचषक सामना, समोर ब्राझील. पूर्वार्धात ब्राझील 3-1 पुढे. मग विलिमोव्स्कीने दोन गोल मारून बरोबरी केली. ब्राझील पुन्हा पुढे गेलं. नव्वद मिनिटं संपायला आली असताना त्याने पुन्हा बरोबरी केली. अतिरिक्त वेळेत लेओनिदासने ब्राझीलला पुढे नेलं, विलिमोव्स्कीने आणखी एक मारला, पण तो पुरला नाही: 6-5. विश्वचषकाच्या एका सामन्यात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू, आणि त्याचा संघ त्याच दिवशी स्पर्धेबाहेर.

या सगळ्या काळात पोलंड आणि जर्मनी मैदानावर वारंवार भेटत होते. जानेवारी 1934च्या अनाक्रमण करारानंतर मैत्रीचे सामने ठरत गेले. 1934ला वॉर्सात जर्मनी 5-2 जिंकलं, पोलंडच्या दोनांतला एक गोल विलिमोव्स्कीचा. 1936ला वॉर्सात 1-1, गोल वोदाशचा. सप्टेंबर 1938मध्ये, म्युनिक कराराच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी, खेम्निट्समध्ये 4-1 असा पराभव. एकुलता गोल पेतेरेकचा. पोलंडची जर्मनीविरुद्धची अब्रू वर्षामागून वर्ष हायदुकीचे तिघे राखत होते. त्यांतल्या एकाने पुढे काय करावं लागेल याची कल्पनाही केली नसेल.

1939

1939 साली व्येल्क्ये हायदुकी हे स्वतंत्र गाव उरलं नाही. ते खोझूव शहरात विलीन झालं. खोझूवही तसं नवंच, 1934 साली क्रूलेव्स्का हुता, जुनं खोझूव गाव आणि नोवे हायदुकी जोडून बनवलेलं. क्लबच्या खेळावर या कागदी बदलाचा काही परिणाम झाला नाही. 21 मे रोजी रूखने वुच शहराच्या युनियन-टूरिंगला 12-1 हरवलं. विलिमोव्स्कीचे गोल किती? दहा. पोलिश लीगमध्ये एका सामन्यातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. एक बारकावा असा की युनियन-टूरिंग हा वुचच्या जर्मन गिरणीदार-कामगार समाजाशी जोडलेला क्लब होता. जर्मन क्लबातून आलेल्या मुलाने पोलिश क्लबासाठी जर्मनांच्या क्लबवर दहा गोल चढवले. त्या वेळच्या पोलंडमध्ये माणसांना खणात टाकू पाहणाऱ्याची अशी फजिती व्हायची.

27 ऑगस्टला वॉर्सात पोलंडने हंगेरीला 4-2 हरवलं. हंगेरी म्हणजे आदल्या वर्षीचा विश्वचषक उपविजेता. विलिमोव्स्कीचे तीन गोल. पाच दिवसांनी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. लीग अर्धवट राहिली. तेव्हा गुणतक्त्यात रूख सर्वांत वर होता. त्या वर्षी विजेता जाहीर झाला नाही, त्यामुळे सहावं विजेतेपद नोंदीत नाही.

जर्मनांनी वरचा सिलेसिया थेट राइखला म्हणजे जर्मन राज्याला जोडला. पोलिश क्लब बंद झाले. गावाला पुन्हा बिस्मार्कह्युटे म्हणायला लागले आणि रूखच्या जागी बिस्मार्कह्युटर एसव्ही 99 नावाचा क्लब उभा राहिला. त्यात खेळणारी पुष्कळ माणसं तीच होती. शेजारचा एकेएस जर्मानिया कोनिग्सह्युटे झाला आणि 1942पासून सलग तीन वर्षं प्रांताच्या जर्मन लीगचा विजेता ठरला. हा एकेएस म्हणजे 1937च्या पोलिश लीगचा उपविजेता.

मार्च 1941मध्ये फोल्क्सलिस्ट आली. जर्मन असल्याच्या प्रतवारीची यादी, चार वर्ग. सही न करणाऱ्याला हद्दपारी, छावणी, घर जाणं. काटोवित्सेचा बिशप स्तानिस्वाव अदाम्स्की याने लोकांना सह्या करून टिकून राहण्याचा सल्ला दिला, आणि लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने त्याला मूक संमती दिली. वरच्या सिलेसियातल्या बहुसंख्य लोकांनी सही केली. सही केली की फौजेत भरती. पोरं जर्मन गणवेशात रशियात, आफ्रिकेत, इटलीत, नॉर्मंडीत पाठवली गेली. त्यांतली हजारो संधी मिळताच शरण गेली आणि पश्चिमेकडच्या पोलिश सैन्यात दाखल झाली. काही महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी बंदूक धरली. वोदाशचा रस्ताही असाच गेला: आधी वेअरमाख्ट म्हणजे जर्मन सैन्य, मग पोलिश सैन्य. त्याला पोलंडने कधी फितूर म्हटलं नाही.

विलिमोव्स्कीला म्हटलं. तो आधी काटोवित्सेच्या पुन्हा सुरू झालेल्या 1. एफसीत गेला, मग जर्मनीत खेम्निट्सच्या पोलीस क्लबात, मग म्युनिकच्या '1860' नावाच्या क्लबमध्ये. 1 जून 1941ला त्याने जर्मनीच्या राष्ट्रीय संघात पदार्पण केलं आणि रोमानियाविरुद्ध दोन गोल केले. ऑक्टोबर 1942मध्ये बर्न इथे स्वित्झर्लंडविरुद्ध चार. एकूण जर्मनीसाठी 8 सामने, 13 गोल. पोलंडसाठी 22 सामने, 21 गोल. 1942चा जर्मन चषक त्याने '1860' क्लबला मिळवून दिला, अंतिम सामन्यात शाल्केविरुद्ध गोल करून. त्याच काळात त्याच्या आईला आउश्वित्समध्ये डांबलं गेलं होतं, असं सांगतात, आणि तिला सोडवायला त्याला आपल्या नावाचं वजन वापरावं लागलं. नाझी राज्यातल्या प्रसिद्ध खेळाडूच्या घरची ही अवस्था.

युद्धानंतर तो पश्चिम जर्मनीतच राहिला, लहानसहान क्लबांतून चाळिशीपर्यंत खेळला आणि 1997 साली कार्ल्सरूहे इथे वारला. पोलंडला तो पुन्हा गेला नाही. कम्युनिस्ट राजवटीत त्याचं नाव घेणं गैरसोयीचं होतं, त्यामुळे दशकानुदशकं त्या दहा गोलांच्या सामन्याचा उल्लेख झाला तरी गोल करणाऱ्यावर चर्चा नसे. मला खटकतं ते वेगळंच. सही लाखोंनी केली, गणवेश लाखोंनी घातला. वोदाश आणि विलिमोव्स्की यांच्यातला फरक एवढाच की एकाला जर्मनीने आघाडीवर पाठवलं आणि तिथून निसटता आलं. दुसऱ्याला फुटबॉलच्या मैदानावर पाठवलं, हजारो प्रेक्षकांपुढे, गरुडाच्या चिन्हाचा सदरा घालून. त्याला नकार देता आला असता का? कदाचित. त्याने तो दिला नाही, आणि त्याला पस्तावा वाटत होता असंही दिसत नाही. तो स्वतःला वरच्या सिलेसियाचा माणूस म्हणवत राहिला. हे उत्तर पोलंडला पळवाट वाटलं. हायदुकीतल्या जुन्या माणसांना तसं वाटलं नसावं.

पुढचं थोडक्यात

1945ला गाव पुन्हा पोलंडमध्ये आलं आणि रूख पुन्हा रूख झाला. सिलेसियन माणसांना आता उलट बाजूने आपलं पोलिशपण सिद्ध करावं लागलं: सरकारी प्रक्रिया, अर्ज, साक्षीदार. क्लबने पुन्हा उभं राहायला फार वेळ घेतला नाही. 1951, 1952 आणि 1953 अशी सलग तीन वर्षं तो देशाचा विजेता ठरला. त्या संघाचा प्राण गेरार्ड चेश्लिक, 1927 साली हायदुकीत जन्मलेला. पेतेरेक-विलिमोव्स्की-वोदाश ऐन भरात होते तेव्हा तो त्याच गावात दहा-अकरा वर्षांचा पोर होता. 20 ऑक्टोबर 1957 रोजी खोझूवमध्ये पोलंडने सोव्हिएत संघाला 2-1 हरवलं, त्यातले दोन्ही गोल चेश्लिकचे.

रूखच्या नावावर आज 14 विजेतेपदं आहेत, शेवटचं 1989चं. 2017 ते 2019 या तीन हंगामांत क्लब कर्जात बुडून एकेक पायरी उतरत चौथ्या श्रेणीत गेला, पुढे तितक्याच वेगाने चढून 2023ला वरच्या लीगमध्ये पोचला आणि वर्षभरात पुन्हा उतरला. विजेत्यांच्या यादीत पहिल्या पाच वर्षांपुढे आजही 'रूख व्येल्क्ये हायदुकी' असंच छापलं जातं. त्या नावाचं गाव नकाशावर नाही; तो भाग आता खोझूव-बातोरी आहे, 1930च्या दशकात कारखान्याला दिलेल्या नव्या नावावरून.